गाळासुर मरताना काय बोलला

“ह्या नाशिकच्या बाईनं तीनच तारे दिलेत,” मी चष्मा सारखा करत म्हटलं, “आणि लिहिलंय, गाळासुर पाण्यातून वर यायला लागला की माझी पोळी करपते.”

हे कोकमं फोडत बसले होते. हातातलं अर्धं कोकम तसंच धरून त्यांनी जरा विचार केला.

“करपूकच व्हयी,” म्हणाले आणि बिया परातीत टाकून दुसरं कोकम उचललं. “फुडला वाच.”

त्या वर्षीच्या मे महिन्यात आमचा दुपारचा हाच उद्योग होता. माझ्या अंगणवाडीला सुट्टी होती. जेवणं आटोपली की मी खळ्यात, म्हणजे अंगणात, माटवाच्या सावलीत बसायचे, फोन उघडायचे आणि ह्यांच्या आवाजातल्या पुस्तकाबद्दल लोकांनी काय काय लिहिलंय ते ह्यांना वाचून दाखवायचे. ह्यांना वाचता येत नव्हतं असं नाही, चांगलं स्वच्छ वाचतात. पण स्वतःबद्दलचं स्वतः वाचायचं म्हणजे ह्यांना लाज. माझ्या तोंडून ऐकताना हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असा चेहरा करून बसायचे. कान मात्र सगळे माझ्याकडे.

सांगायला हवं की आमचे हे, आत्माराम धुरी, जन्मभर राक्षस होते. दशावतारात. आमच्या सिंधुदुर्गात दिवाळी संपली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की देवळासमोर दशावताराचं नाटक लागतंच. राजाचं काम कुणीही करो, राणीचं कुणीही करो, आमच्या कंपनीत राक्षस म्हणजे आतू धुरी. ह्यांनी पडद्यामागून नुसती डरकाळी फोडली की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात शिरायची. आणि घरी हा राक्षस एवढा गरीब, की खुर्चीवर मांजर बसलं असेल तर हे उभे राहणार.

मग गुडघे गेले. दशावतारातल्या राक्षसाला लढावं लागतं, पखवाजाच्या तालावर तलवार घेऊन गरागरा फिरावं लागतं, शेवटी धाडकन पडावं लागतं. ते जमेना. कंपनीच्या मालकांनी एका तरण्या मुलाला त्या जागी उभं केलं. कुणी वाईट वागलं नाही, मालक स्वतः घरी येऊन, चहा पिऊन, हात जोडून सांगून गेले. पण त्या दिवसापासून हे गप्प झाले. विचारलं तर उत्तर देत. आपणहून शब्द नाही. मी एक तर भडक डोक्याची बाई. मी आरडाओरडा करायचे, भांडी आपटायचे, आणि हे शांतपणे त्यातलं एखादं उचलून जागेवर ठेवायचे. भांडायला माणूस नसलं की घर किती खायला उठतं ते मला तेव्हा कळलं.

अशात पुण्याहून मृण्मयी आली. पुस्तकं आवाजात काढणाऱ्या एका कंपनीत ती काम करायची. पूर्वी एकदा सुट्टीत आमच्याकडच्या जत्रेत ह्यांचं नाटक बघून गेली होती आणि तो आवाज तिनं डोक्यात ठेवला होता. तिच्याकडे एक जाडजूड भयकथा होती, ‘गाळासुर’ नावाची. धरणाच्या तळाशी साठलेल्या गाळातून एक राक्षस तयार होतो, काठावरची गावं गिळत सुटतो आणि शेवटी एक तरुण इंजिनियर त्याला धरणाच्या दारात अडकवून मारतो. पुस्तकाचे भाग तीन. पुढच्या भागात तो परत उठतो, राक्षसाला कोण अडवणार. पहिला भाग ह्यांनी वाचायचा, आणि ऐकणाऱ्यांना आवडला तर पुढचे दोन्ही ह्यांचेच, असं ठरलं. कुडाळला एका खोलीत भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता, तिथे जाऊन हे वाचून आले. शेवटचं प्रकरण वाचून आले त्या दिवशी बेड्याकडूनच, पार फाटकापासून, त्यांची हाक आली, “कुमूद, चाय ठेव!” सगळ्या वाडीनं ऐकली. मी चुलीपाशी उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

म्हणून त्या ताऱ्यांवर माझा जीव टांगलेला. लोकांना पुस्तक आवडतंय की नाही ह्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. हे परत मुके होऊन बसतात की काय, एवढीच माझी धास्ती होती.

आणि लोक तरी किती तऱ्हेतऱ्हेचे. मुंबईच्या एका माणसाला राक्षसाचा आवाज इतका मोठा वाटला की म्हणे गाडीची काच हादरली, त्यानं दोन तारे दिले. त्याच्याच खाली कोल्हापूरच्या एकानं लिहिलं होतं, आवाज अजून थोडा वाढवायला हवा होता. साताऱ्याच्या मास्तरीणबाईंना नायक मिळमिळीत वाटला. कुणी म्हणालं झोपताना ऐकू नका, कुणी म्हणालं मी झोप यावी म्हणूनच लावतो आणि छान येते. हे ऐकल्यावर आमचे हे जरा खट्टू झाले. एकाची तक्रार अशी की, ऐकता ऐकता आपण राक्षसाच्या बाजूचे होतो, आणि भयकथेत हे बरं नव्हे.

“शाणो आसा ह्यो,” हे म्हणाले. “किती तारे?”

“एक.”

“आसांदे. शाणो आसा.”

मग डोंबिवलीच्या एका गृहस्थाचं मत आलं. ते मोठं होतं. ह्या गृहस्थानं छापील पुस्तक मांडीवर घेऊन सगळं ऐकलं होतं. त्याचं म्हणणं, पुस्तकात शेवटच्या प्रकरणात गाळासुर दोन ओळींत मरतो. घाव बसतो, डरकाळी फोडतो, बुडतो, संपलं. पण निवेदकाचा गाळासुर मरायच्या आधी मोठं बोलतो. काय बोलतो ते सांगून इतरांची मजा घालवणार नाही, पण ह्यातलं एक अक्षर पुस्तकात नाही, हे कुठून आलं? त्याच्याखाली लोकांची जुंपली होती. एक म्हणे ही फसवणूक आहे, पैसे परत द्या. दुसरी म्हणे सगळ्या पुस्तकात तेवढंच ऐकण्यासारखं आहे, मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. तिसऱ्यानं लिहिलं, राक्षसानं एवढं बोलेपर्यंत इंजिनियर काय करत होता, घड्याळ बघत होता का?

मी फोन खाली ठेवला. “पुस्तकात नाय ता तुमी बोललास?”

“मरताना?” हे अगदी साधेपणानं म्हणाले. “मरताना बोलूचा लागता.”

आता ह्यात ह्यांची चूक होती, पण ती ह्यांना चूक वाटावी तरी कशी? दशावतारात पुस्तक नसतं. मालक संध्याकाळी एवढंच सांगतो की आज अमुक कथा, तू अमुक राक्षस, ह्याच्याशी भांडायचं आणि त्याच्या हातून मरायचं. बोलायचं काय, ते ज्याचं त्यानं बघायचं. लिहिलेलं पाठ करून म्हणणाऱ्याला आमच्याकडे नट म्हणत नाहीत. आणि मरणाऱ्या राक्षसाला शेवटचं बोलू द्यायचं, तोपर्यंत राजानं तलवार खाली करून उभं राहायचं, ही तर रीतच. ह्यांनी पुस्तकातली इंजिनियरची, पोलिसांची, गावकऱ्यांची सगळी वाक्यं इमानानं वाचली होती. मरण आलं तेव्हा मात्र पुस्तक मिटलं आणि आपल्या रीतीनं मेले. त्या दिवशी मृण्मयी तापानं आडवी पडलेली, आणि काचेपलीकडे यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला वाटलं पुस्तकातच असेल.

तुम्ही म्हणाल, एवढे दिवस लोकांची मतं वाचत होतीस, तू स्वतः ऐकलं नव्हतंस? ऐकलं होतं. शेवटचं प्रकरण सोडून.

त्याचं असं आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत मी पुढे सतरंजीवर बसून नाटक बघत होते. राजानं तलवार घातली आणि हे असे काही कोसळले, मानेची शीर अशी ताठ, डोळे असे वर, की मी किंचाळून थेट मंचावर चढले आणि त्या राजाची दाढी उपटली. राजा म्हणजे आमच्याच वाडीतले बापू परब. ते हसू जिल्हाभर महिनाभर पुरलं. तेव्हापासून सासूबाईंनी मला सांगून ठेवलं, वध जवळ आला की उठायचं. मी उठायचे, खाजाच्या मिठाईच्या दुकानांकडे जायचे आणि पखवाज थांबेपर्यंत तिथेच फिरायचे. पुढे अंगवळणी पडलं. आपल्या माणसाचं मरण, खोटं असलं तरी, मला बघवत नाही. आणि ऐकवतही नाही. म्हणून शेवटच्या प्रकरणाशी आले की मी फोन बंद करायचे.

दोन दिवसांनी मृण्मयीचा फोन आला. तिचा आवाज पडलेला. पुस्तकाचे लेखक अभिराम सरपोतदार यांच्यापर्यंत ते सगळं पोचलं होतं आणि ते भयंकर दुखावले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. शेवट पुस्तकात आहे तसा परत वाचायचा, नाहीतर पुढचे दोन भाग दुसऱ्या कुणाच्या आवाजात निघतील, आणि हा पहिलाही बदलून घेऊ. ह्यांचा गुडघा त्या आठवड्यात सुजलेला, कुडाळला जाणं शक्य नव्हतं, तेव्हा मृण्मयी म्हणाली, आम्हीच यंत्र घेऊन घरी येतो, लेखकांनाही यायचंय.

मी लगेच हो म्हटलं. ह्यांना सांगितलं तर हे उठून गेले आणि परसात माडाची झावळं विणत बसले. मी मागोमाग गेले. काय काय नाही बोलले मी. म्हटलं, दोन ओळींचा तर प्रश्न आहे. त्या माणसानं पुस्तक लिहिलंय, राक्षस त्याचा, तो म्हणेल तसा मारायचा. तुमच्या बापाचं काय जातं? म्हटलं, परत तोंड शिवून बसलात तर मी माहेरी जाईन, आणि माझं माहेर आता उरलेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, म्हणजे कुठे जाईन देव जाणे. हे झावळं विणत राहिले.

“दोन वळी वाचा नि सुटा,” मी शेवटी म्हटलं. “माझ्यासाठी.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होते, ओठापर्यंत आलेलं दिसलं मला. पण म्हणाले एवढंच, “वाचतंय.”

ती मंडळी सकाळची आली. लेखक म्हणजे कुणी दाढीवाला जाडा माणूस असेल असं मी धरून चालले होते. निघाला काडीसारखा, चाळिशीच्या आतला, उन्हानं नाक लाल झालेला प्राध्यापक. अंगणात चपला नीट जोडून ठेवल्या, मला वाकून नमस्कार केला. मनात धरलेला सगळा राग मला बाजूला ठेवावा लागला. ह्यांच्या समोर बसून त्यानं हळू आवाजात आपली बाजू मांडली.

“धुरीकाका, तुमच्या आवाजाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण माझा गाळासुर एकटा आहे. त्याचं जगात कुणी नाही, म्हणून तर तो असा झालाय. सगळं पुस्तक त्याच्यावर उभं आहे. तुम्ही शेवटी त्याच्या तोंडी जे घातलंत, त्यानं ते सगळं मोडतं. आणि तो माझ्या इंजिनियरला ‘हे राजा’ म्हणतो.”

“ता चुकलाच,” हे म्हणाले. “सवय.” मग म्हणाले, “पण साहेब, राक्षस एकटो नसता. एकटो असतो तर लढलो कशाक असतो?”

चहाचा कप लेखकाच्या हातातच राहिला.

मग आमच्या माजघराचा स्टुडिओ झाला. खिडक्यांना गोधड्या लावल्या, दाराला चादर, पंखा बंद. कोंबड्या दूर हाकलल्या, शेजारच्या सावित्रीला मिक्सर लावू नको म्हणून सांगून आले. यंत्रवाल्यानं सगळ्यांना बजावलं की लाल दिवा लागला की कुणी जागचं हलायचं नाही, बांगडीसुद्धा वाजली नाही पाहिजे. मी तांदळाच्या कणगीला टेकून बसले आणि बांगड्या वर सरकवल्या. दोन ओळी तर होत्या, दोन ओळींत मला काय होणार होतं.

ह्यांनी पुस्तक हातात धरलं आणि वाचलं. “धारदार पोलादी दार गाळासुराच्या मानेवर कोसळलं. एक डरकाळी फोडून तो काळ्या पाण्यात दिसेनासा झाला.” स्वच्छ वाचलं. शाळेत तपासणीसाहेबांसमोर मूल वाचतं तसं. दिवा विझला.

जे हवं होतं ते झालं होतं, आणि लेखकाचा चेहरा मात्र जेवणात खडा लागल्यासारखा. त्यानं परत एकदा वाचायला सांगितलं. ह्यांनी परत वाचलं. तस्संच. तिसऱ्यांदा त्यानंच मान हलवली आणि राहू द्या म्हणाला.

मृण्मयी पुढे सरकली. तिनं मऊ आवाजात विचारलं, “काका, तुमचं ते एकदा करता का? वापरणार नाही. नुसतं सरांना समोर ऐकू दे. त्यांनी फोनवरच ऐकलंय.”

ह्यांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे पाहिलं. “ही हंय आसा,” म्हणाले.

“काकूंचं काय?” मृण्मयी म्हणाली.

हे नुसतेच गुडघा चोळत राहिले. मला वाटलं माझ्या जुन्या खोडीला घाबरताहेत, मी उठून लेखकाची दाढी उपटीन, त्याला तर दाढीही नव्हती. मी म्हटलं, करा तुम्ही, मी काय लहान आहे का. मनात म्हटलं, मरायच्या वेळी कान झाकून घेईन. तेवढ्यात दिवा लागला, आणि आता हलायचं नाही.

ह्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. पाठ सरळ केली. आणि तो आवाज आला, आमच्या घरात कधीच न आलेला, कणगीच्या बांबूंतून माझ्या पाठीत शिरलेला.

“थांब, राजा. मारलंस, बरं केलंस. मी तुझ्यावर रागावलेलो नाही. हातात शस्त्र घेतो त्याला हे ठाऊक असतं. पण मरणाऱ्याचं एक ऐक. खाली, ह्या गाळाच्याही खाली, माझं घर आहे. त्या घरात माझं माणूस आहे. सगळं जग मला भ्यालं, राजा, ती एकटी कधी भ्याली नाही. मी जिंकून आलो की हरून आलो, तिनं कधी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, उशीर का झाला. भांडते. फार भांडते. तिच्या भांडणापुढे तुझी तलवार काहीच नाही. आज मी जायचा नाही. आणि ती ताट झाकून बसली असेल. मी गेल्याशिवाय तोंडात घास घालायची नाही, असला तिचा हट्ट. किती वेळा मनात आलं, सांगावं, माझ्यासाठी थांबत जाऊ नकोस. पण आम्ही राक्षस. आम्हाला डरकाळी येते, एवढं साधं बोलायला येत नाही. राजा, तुझे पाय धडधाकट आहेत. माझ्यासाठी एवढी वाट चाल. तिला गाठ. मी मेलो म्हणून सांगू नकोस. सांग, त्याला उशीर होईल. सांग, तू जेवून घे.”

मग ती डरकाळी. पण ती हळूहळू खाली खाली जात गेली आणि नुसता श्वास राहिला.

दिवा लागलेलाच होता. मला हुंदका आला तो मी पदर तोंडात कोंबून आत दाबला. जत्रेच्या दिवसांत हे सकाळी उजाडल्यावर घरी यायचे, कानामागे काळा रंग तसाच. मी उपाशी बसलेली असायचे आणि हे पायरी चढले की तोंड सोडायचे. एवढं कळत नाही का माणसाला, घरी कुणी थांबलंय, एक शब्द सांगून जावं. हे खाली मान घालून ऐकायचे आणि हातपाय धुवायला जायचे. एकदाही, एकदाही म्हणाले नाहीत की जेवून घेत जा. मला वाटायचं ह्यांच्या ध्यानातच येत नाही. आणि बाजारात बायका भेटल्या की मला विचारायच्या, “जेवलंस मा गे?” आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. सकाळी नऊ वाजतासुद्धा विचारायच्या. मी म्हणायचे ह्या मेल्यांना दुसरं बोलायला नाही काही.

दिवा विझला. लेखक जमिनीकडे बघत होता. मग त्यानं मान वर करून विचारलं, “मग? ती जेवते का?”

हे म्हणाले, “नाय जेवणा. लय हट्टी आसा.”

मृण्मयीनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. मग त्या लेखकानंही पाहिलं, आणि माझा चेहरा बघून त्या बिचाऱ्याला सगळं उमगलं. त्याचं नाक आणखी लाल झालं. त्यानं समोरचं पुस्तक उघडलं, ते पान काढलं, वाचलं, परत मिटलं.

“पुस्तकात माझं राहू दे,” म्हणाला. “ऐकण्यात तुमचं राहू दे. तसं खाली लिहू आपण, म्हणजे लोक भांडणार नाहीत.”

“लोक भांडतलेच,” हे म्हणाले.

“भांडू देत. दुसऱ्या भागाचं वाचन पावसाआधी करू. फक्त धुरीकाका, हात जोडतो, त्याला मुलंबाळं होऊ देऊ नका.”

मी चहाच्या निमित्तानं आत पळाले. चुलीपुढे किती वेळ उभी होते कोण जाणे, चहा पार उतू जाऊन चूल विझली.

पुढे दुसरा भाग ह्यांनीच वाचला, तिसराही वाचला. लोक भांडलेच. राक्षसाला बायको कशाला, असं अजून कुणी ना कुणी लिहितं आणि एक तारा देतं. अजूनही हे त्याला शाणो म्हणतात. आता घरात इतके बडबडतात की मलाच म्हणावं लागतं, जरा गप्प बसा. पण ते सगळं नंतरचं.

त्या दिवशी बांगड्याचं तिखलं आणि भात जेवून ती मंडळी गेली. खिडक्यांच्या गोधड्या काढायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे भर दुपारी घरात काळोख होता. हे पाटावर बसलेले, मी समोर उभी, कमरेवर हात ठेवून. ओरडायचं होतं मला. सकाळपासून साठवून ठेवलं होतं. पण आवाज निघाला तो भलताच बारीक.

“सगळ्या जिल्ह्याक म्हायत,” मी म्हटलं. “माकाच सांगूक काय झाला होता?”

ह्यांनी दुसरा पाट ओढून आपल्याशेजारी मांडला, त्याच्यापुढे ताट ठेवलं, आणि मान वर न करता म्हणाले,

“सांगलंय मा. दर जत्रेक सांगलंय. तू शेवटाक थांबतंस खंय?”